पुंडलिकसरांना हवी तशी हवा

आमच्या डिचोलीच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे पुंडलिकसर रोज सकाळी प्रयोगशाळेच्या खिडकीत एक भाजलेला पापड ठेवत. तो कुरकुरीत राहिला की त्यांचं तोंड उतरे. मऊ पडून वाकला की म्हणत, "मोव जालो. आयज भोकां पडटलीं."

भोकं हवी होती ती धाग्याला. कशासाठी, विचारलं तर "घरा जाय", घरी हवंय, एवढंच.

थर्मोकोल विरघळवून सर पाक करीत, तो सुईत भरून जबर दाबाची वीज सोडत. सुईतून कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धागा उडे आणि समोरच्या पत्र्यावर पांढरा पापुद्रा जमे. पाक पातळ झाला की नुसते थेंब. पत्रा फार जवळ आला की ओला चिकटा. एवढं जमूनही हवा दमट लागे. पाकातला द्रव उडताना धागा गार पडतो, त्यावर दव बसतं, दव सुकलं की तिथे भोक राहतं. पावसात न सुकणाऱ्या कपड्यांना आम्ही शिव्या घालायचो, तेव्हा सर शीळ घालत फिरायचे.

प्राचार्यांनी कौतुकानं प्रयोगशाळेत एसी बसवला. थोड्याच दिवसांत सर ऑफिसात आले.

"भाई, तो एसी काडून उडयात."

मी हेडक्लार्क. म्हटलं, "सर, स्टाफरूम त्यासाठी भांडतेय."

"हांव न्हय हो," सरांनी स्वतःकडे बोट दाखवलं, "धागो म्हणटा. सुक्या हवेंत साफ गुळगुळीत येता."

सरांना मान पचत नाही, असं मग कॉलेजभर झालं. बोलणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हे लिहितो.

पुढच्या शिमग्यानंतर मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला मी सर्वणला त्यांच्या घरी गेलो. घर रस्त्यालगत, खाणीच्या ट्रकांची रांग दारावरून. घरात सर आणि त्यांची दमेकरी बहीण, दोघंच. ट्रक सुरू झाल्यापासून तिच्या खोलीची खिडकी बंद होती. आता ती उघडी होती. चौकटीत दोन जाळ्यांमध्ये तो पापुद्रा ताणून बसवलेला, बाहेरून खाणीच्या धुळीनं लाल, आतून पांढरा.

"कॉलेजांत सांगूं नाकात," सर हळूच विनवत म्हणाले. "खिडकेच्या पडद्याक इतलीं वर्सां घालयलीं म्हणटले."

बहीण खिडकीशी डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "दादा, सुरंगां फुलल्यांत रे?"

अंगणातली सुरंगी दर वर्षी फुलून घमघमत होती.

"हय, कालूच," सर म्हणाले, आणि चहा आणायला आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.