थिट बुन्मीचा फुकटचा नातू

बसा हो, बोट काही एवढ्यात सुटत नाही. बोटवाला जेवायला बसलाय, आणि तो जेवायला बसला की नदीसुद्धा थांबते. तोवर आमच्या सेंगदाओची गोष्ट ऐका. तुम्ही नदीच्या वरच्या अंगाचे, तुमच्यापर्यंत पोचली नसेल.

ही सेंगदाओ घाटाला लागून गेस्टहाउस चालवते. बाई कष्टाळू, तोंडाने फटकळ, पण दारात आलेल्याला उपाशी धाडायची नाही. तिथंच ती फसली.

तिच्याकडे रोरी नावाचा एक ऑस्ट्रेलियन उतरला होता. डोक्यावर जटा, छातीपर्यंत दाढी, पाठीवर स्वतःहून मोठं बोचकं. केसांना कित्येक वर्षांत कात्री लागली नाही, हे तो अशा थाटात सांगायचा, की कॉलेजची पदवीच मिळवली असावी. त्याला म्हणे गरिबीत जग बघायचं होतं. आमच्याकडे गरिबी जन्मतःच घरपोच मिळते. हा बिचारा तिच्यासाठी विमानाने आला होता.

खोली महाग वाटली म्हणून व्हरांड्यात झोळी टांगून राहायचा. बाजारात केळी घेताना साल वजा करून भाव मागायचा. सेंगदाओला धंद्यापुरतं इंग्रजी येतं, आणि त्याला आमच्या भाषेतले ‘महाग’ आणि ‘फुकट’ एवढे दोनच शब्द यायचे. दोघांचं छान जमायचं.

“मावशी, झोळीत मी फक्त रात्री झोपतो. दिवसाचं भाडं कशाला?”

“मग दिवसा सोड ती, आणि फेटा बांधून फीर!”

तर एकदा हा धबधबा बघायला डोंगरात गेला, आणि इकडे सेंगदाओचा बाप, थिट बुन्मी, वारला. नव्वदी ओलांडलेला म्हातारा; तरुणपणी भिक्खू होऊन आला, म्हणून ‘थिट’. सकाळचं सूप प्यायला, “मीठ कमी आहे” म्हणाला आणि गेला. आता अशा वेळची आपली रीत तुम्हाला काय सांगायची! रडायचं नाही. रडलं तर मेलेल्याचा पाय निघत नाही. त्या घराला ‘चांगलं घर’ म्हणायचं, मांडव घालायचा, दारू, पत्ते, गाणी, जेवणावळी. शवपेटीभोवती रंगीत कागदाचा महाल उभा करायचा, त्यावर लुकलुकणारे दिवे सोडायचे. आणि येईल त्याला जेवू घालायचं. जितकी तोंडं जेवतील तितकं पुण्य.

रोरी डोंगरातून परतला तो थेट या मांडवात.

“काय आहे इथं?” त्याने हातवारे करून विचारलं.

सेंगदाओचा काका खामफाय दाराशी पत्ते पिसत बसला होता. म्हणाला, “चांगलं घर आहे. ये, बस.”

“फुकट?”

“अरे, इथं पैसे कोण घेतो!”

झालं. त्या गड्याच्या तोंडावर जो आनंद फुटला, तो बघून खामफायलाही भरून आलं. रोरीने डुकराच्या खिम्याचा आंबट-तिखट लाप खाल्ला, मासा खाल्ला, चिकट भाताच्या टोपल्या रित्या केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हा घाटावर गेला आणि बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक बोचकेवाल्याला मांडवाकडे वळवू लागला. दुपारपर्यंत अर्ध्या चड्ड्यांतली ही फौज मांडवात! सेंगदाओ कढईशी उभी राहून दातओठ खातेय, पण सुतकाच्या घरातून पाहुणा उठवायचा कसा?

“काका, ह्यांना कुणीतरी सांगा ना, की इथं मयत आहे!”

“कसं सांगू? चांगल्या घरात तो शब्द काढायचा नसतो. जेवू दे गं, तुझ्या बापाचं पुण्य वाढतंय.”

“बापाचं पुण्य वाढतंय, आणि माझी दोन डुकरं संपली!”

मग त्या मंडळींची नजर गेली म्हाताऱ्याच्या फोटोवर. चौकटीत हसरा म्हातारा, भोवती फुलं, मेणबत्त्या, मागे लुकलुकणारे दिवे. रोरीने मान डोलावली. त्याला सगळा उलगडा झाला होता. सगळे उठले, ग्लास उंचावले, आणि त्या महालासमोर खांद्याला खांदा लावून वाढदिवसाचं गाणं म्हटलं. एकीने तर मेणबत्त्यासुद्धा फुंकल्या.

सेंगदाओने डोळे मिटून घेतले. आणि म्हाताऱ्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. “परदेशातून माणसं आली हो मंत्र म्हणायला! नशीबवान बुन्मी!”

हे सगळं सेंगदाओने गिळलं असतं, पण संध्याकाळी तिच्या मुलाचा, कोंगकेओचा, राजधानीतून फोन आला. बुन्मीला मुलगा नाही, नातू हा एकच. दुसऱ्या दिवशी दहन. नातवाने सकाळी मुंडण करून दिवसापुरता भिक्खू व्हायचं, आणि पेटीला बांधलेला पांढरा दोरा हातात धरून आज्याला चितेपर्यंत न्यायचं. एवढं एकच तर काम नातवाकडे असतं.

“आई, नाही जमत. कालच केस रंगवलेत. मोबाइलच्या दुकानात उभा राहतो मी, टकलू चालत नाही.”

“आजा तुला खांद्यावर घेऊन हिंडला रे, मेल्या!”

“त्याला केसांचं काय? मनातून नमस्कार केलाय मी.”

सेंगदाओने फोन ठेवला, आणि सारी रीत विसरून कढईत टिपं गाळली. बापाला वाट दाखवायला कुणी नाही. आणि भरीला नणंद थोंगसी होतीच. “आमच्या सासऱ्यांपुढे भिक्खूंची रांग होती बाई,” म्हणाली. “दोऱ्यावर हात मावत नव्हते. तुझ्याकडे काय, कोंबडीच्या पायाला बांधणार?”

खामफायने पत्ते खाली ठेवले. मांडवात रोरी चौथ्यांदा भात घेत होता.

“पोरी,” खामफाय म्हणाला, “इतकं तुझ्या घरचं कुणी खाल्लंय? पोटच्या पोराने तरी खाल्लंय?”

“काका, चढलीय तुम्हाला.”

“चढलीय खरी. पण उत्तर दे.”

विहारातल्या भंतेजींना विचारलं. ते म्हणाले, “हवं ते मन, कातडी कुठली का असेना. पण नियम पाळेल का? पैशाला हात लावायचा नाही.”

“तो तर तो कित्येक महिने पाळतोय, भंते,” सेंगदाओ म्हणाली.

मग तिने रोरीला समजावलं. उद्या विहारात राहायचं, फुकट. कपडे फुकट. न्याहारी फुकट. पुढचं ती सांगणार होती, पण तेवढ्यात तो निघून बोचकं बांधायला लागला होता.

सकाळी वस्तरा डोक्याला लागला तेव्हा तो किंचाळला. पण शेजारी न्याहारीची ताटं मांडलेली होती, म्हणून बसून राहिला. जटा गेल्या, दाढी गेली, शेवटी भुवयाही गेल्या. खाली उरला एक गुलाबी, घाबरलेला, कोवळा चेहरा. वयाने कोंगकेओएवढाच असेल. सेंगदाओ बघत राहिली. मग दुपार झाली, याने सवयीने मांडवाकडे पाय वळवले, तर भंतेजींनी मान हलवली.

“दुपारनंतर भिक्खू जेवत नाही.”

“उद्यापर्यंत?”

“उद्या सकाळपर्यंत.”

मांडवात त्याचे सगळे मित्र खात होते.

मग त्याच्या हातात पांढरा दोरा दिला. त्याने दोऱ्यावरून नजर मागे नेली, तर दुसरं टोक त्या लुकलुकणाऱ्या महालात गेलेलं.

“मावशी, यात काय आहे?”

“माझा बाप.”

रोरीने फोटोकडे पाहिलं, मेणबत्त्यांकडे पाहिलं. डोकं आधीच गुलाबी होतं, ते पांढरं पडलं.

“मी त्यांच्यासमोर गाणं म्हटलं.”

“म्हटलंस. आता त्यांना पोचव.”

सेंगदाओला वाटलं, हा आता दोरा टाकून पळणार. नाही पळाला. तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी चालला. पायाला फोड आले, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण दोरा सैल होऊ दिला नाही. थोंगसीचं तोंड पहिल्यांदाच बंद राहिलं. चितेपाशी सेंगदाओने त्याच्यापुढे गुडघे टेकले, डोकं जमिनीला लावलं. इतकं समाधान तिला पोटच्या पोराने कधी दिलं नव्हतं.

गोष्ट इथंच संपली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी अंगावरचं भगवं चीवर उतरवायचं होतं. पहाटे भंतेजी त्याला भिक्षेला घेऊन गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सगळं गाव गुडघ्यावर बसलेलं, आणि जो तो त्याच्या पात्रात भात घालतोय. कुणी केळी घालतंय, सालीसकट. रोरीने पात्र छातीशी धरलं. ज्या जागेच्या शोधात तो अर्धी पृथ्वी फिरला, ती त्याला सापडली होती.

“चीवर कधी उतरवणार?” सेंगदाओने विचारलं.

“मला शांती मिळाली, मावशी.”

भंतेजींशी ती भांडली. ते म्हणाले, “आपणहून राहणाऱ्याला जा कसं म्हणू? आणि अंगण काय झाडतो!”

तेव्हापासून सेंगदाओ रोज अंधारात उठते, भात शिजवते, रस्त्यावर गुडघे टेकून त्याला वाढते. पूर्वी निदान उभी राहून शिव्या देता यायच्या. बरं, घाटावरचे बाकीचे बोचकेवाले आता वस्तऱ्याची चौकशी करायला लागलेत.

ती बघा, बोट हलली. जाता जाता एवढं करा. तुमच्या वरच्या गावांत कुणी बिननातवाचं म्हातारं शेवटच्या घटका मोजत असेल तर आम्हाला निरोप धाडा. तयार नातू आहे, भुवयांसकट साफ. बोटीचं भाडं सेंगदाओ देईल. फक्त परत पाठवू नका.