नानांच्या मंगळावर असं नाही

पाथर्डीत कसलीही अडचण आली की आमचे शेजारी नाना म्हणतात, "तिकडं असं न्हाई." तिकडं म्हणजे मुंबईला नव्हे, दुबईलाही नव्हे. तिकडं म्हणजे मंगळावर.

नाना एसटीत कंट्रोलर होते, आता निवृत्त आहेत. एकटा जीव. नोकरीत असल्यापासून मंगळावरच्या कादंबऱ्या लिहितात, लांबड्या वह्यांत, निळ्या शाईनं. छापलेली एकही नाही. गावात त्या वाचणारा मी एकटाच, कारण आमच्या दोन घरांत भिंत एकच आहे आणि मला सुटका नाही.

त्यांच्या मंगळावर यानं फलाटाला लागतात आणि कंडक्टरनं घंटी मारल्याशिवाय उडत नाहीत. ऊसतोडीला कुणी गाव सोडून जात नाही, कारण तिकडं उसालाच पाय असतात, तो आपला आपण कारखान्याला चालत जातो. एकदा मी म्हणालो, "नाना, तिथं हवा नसते म्हणतात."

"आपल्या गाडीत तरी कुठं असती? मान्सं बसत्यातच ना?"

नायिका मात्र दर वेळी तीच, शकुंतला. ती फलाटावर वाट बघत असते. तिला न्यायला पृथ्वीवरून एक यान निघतं आणि शेवटच्या पानापर्यंत काही पोचत नाही. कधी डिझेल संपतं, कधी टायर बसतो. मी वैतागून म्हणायचो, "अहो, एकदा तरी पोचवा की!"

नाना चष्मा पुसत म्हणायचे, "डायवर भित्रा हाय, मास्तर."

मागच्या महिन्यात माझ्या मुलीची, मनीषाची सुपारी फोडायची होती. पाहुणे आले, पोहे झाले, आणि मुलाच्या चुलत्यांनी खिशातून पत्रिका काढली. मुलीला कडक मंगळ आहे म्हणाले, बघू, कळवतो. मनीषा दाराआड उभी होती. मुलगा मान खाली घालून बशीकडं बघत बसला.

भिंतीपलीकडं सगळं ऐकू जातं. नाना वह्यांचा गठ्ठा घेऊन आले आणि तो त्यांनी थेट चुलत्यांच्या मांडीवर ठेवला.

"पाव्हणं, तीस वर्षं मी त्या ग्रहावर जाऊन येतोय. कुनाच्या नवऱ्याला काय झाल्यालं बघितलं न्हाई. तुमी कवा गेल्ते?"

चुलते वह्या मांडीवरून खाली उतरवायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नाना आता मुलाकडं वळले होते आणि आवाज एकदम खाली आला होता.

"मला बी एक मुलगी सांगून आल्ती. शकुंतला. थोरल्यांनी मंगळ काढला. मला लई पसंत हुती, पर मी असाच बशीकडं बघत बसलो."

मला तो भित्रा डायवर आठवला.

मुलानं बशी खाली ठेवली. "काका, मला मुलगी पसंत आहे. सुपारी फोडा."

संध्याकाळी मी पेढे घेऊन गेलो, तर नाना नवी वही उघडून बसले होते.

"या खेपेला पोचवा, नाना."

"आता पोचून काय करू? तिची नातवंडं शाळंत जात्यात." त्यांनी अर्धा पेढा तोंडात टाकला. मग पेनाचं टोपण काढलं.

"पर तिकडं असं न्हाई, मास्तर. तिकडं ती अजून फलाटावरच हाय."