इलारियोच्या पोटात तिघं

इलारियोच्या मते जगात दोनच माणसं कधी चुकत नाहीत. एक तोमासाबाई वैदीण, आणि दुसरा, जनावराची पारख करायची झाली तर, तो स्वतः. या यादीत बायको फेलिसितासचं नाव नव्हतं आणि ते तिला लग्नापासून ठाऊक होतं.

पंधरा दिवस त्याचं पोट दुखत होतं, उजवीकडे, बरगडीच्या खाली. गावच्या बँडमध्ये तो मोठा ढोल वाजवायचा आणि जत्रा आठवड्यावर आली होती. दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, पण गोळ्या देणाऱ्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोमासाबाईंचं तसं नसायचं. झोप लागते का, कोणावर राग धरलायस का, स्वप्नात काय दिसतं, सगळं विचारून मग त्या कुईला हात घालायच्या. कुई म्हणजे चुलीपाशी पाळलेलं, सशाहून लहान, बिनशेपटीचं गुबगुबीत जनावर. ते जिवंतपणी रोग्याच्या अंगावरून डोक्यापासून पायापर्यंत फिरवायचं, म्हणजे दुखणं त्याच्यात उतरतं. मग ते कापायचं. त्याच्या पोटात जे दिसेल, तेच रोग्याच्या पोटात. पुरुषाला नर आणि बाईला मादी, एवढं मात्र पाळायला हवं.

इलारियोने घरातला काळाकुळकुळीत नर निवडला आणि नवराबायको तोमासाबाईंच्या धुरकट स्वयंपाकघरात जाऊन बसली.

डोकं झालं, छाती झाली, पोट झालं. गुडघ्यापाशी कुई बाईंच्या अंगठ्याला कडकडून चावली, हातातून निसटली आणि थेट चुलीखाली पळाली. तिथे बाईंच्या स्वतःच्या पंचवीसेक कुया नांदत होत्या. इलारियो पोटदुखी विसरून पालथा झाला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि एक काळी कुई ओढून काढली.

"हीच का रे?" बाईंनी विचारलं.

"हीच. माझं जनावर मी ओळखणार नाही?"

"थांब, उलटी करून बघू दे. नर आहे ना?"

"बाई, मी स्वतः निवडलाय. तुमच्याकडून चूक होत नाही, तशी माझ्याकडूनही नाही."

अंगठ्यातून रक्त येत होतं, धुराने डोळे चुरचुरत होते, आणि रोग्याचा एवढा विश्वास मोडणं बाईंच्या जिवावर आलं. त्यांनी कुई कापली. मग आत बोट घालून त्यांनी दोनदा मोजलं.

"काय दिसतंय?" फेलिसितासने विचारलं.

"तिघं आहेत."

"कोण तिघं?"

"पिल्लं," तोमासाबाई म्हणाल्या. तीस वर्षांत त्यांनी नराच्या पोटात पिल्लं पाहिली नव्हती. "इलारियो, नीट आठव. नरच होता?"

"शप्पथ नर."

"मग मी काय सांगू? जे दिसलं ते तुझ्यातून आलंय."

इलारियोने शर्ट वर करून आपल्या पोटाकडे पाहिलं. फेलिसितासने मात्र हिशेब लगेच केला.

"पुरुषाला काही दिवस जात नाहीत," ती म्हणाली. "म्हणजे ही तिघं दुसऱ्या कोणाच्या तरी पोटात आहेत. याची."

कोणीही शहाणा माणूस इथे कानावर हात ठेवेल. इलारियोनेही ठेवले असते, पण सांगणाऱ्या तोमासाबाई होत्या. तो गोंधळला. "मला तर काही आठवत नाही," तो हळूच म्हणाला, "पण बाई म्हणतात म्हणजे असणारच."

घरी आल्यावर फेलिसितासने त्याचं घोंगडं बाहेर टाकलं, त्यावर ढोल ठेवला आणि कडी लावली. इलारियो दारातल्या बाकावर बसून मनापासून आठवायला लागला. बँड कुठे कुठे गेला होता, कुठे मुक्काम पडला, कुठे जास्त झाली. दोन तासांनी तो दाराला तोंड लावून म्हणाला, "फेली, वरच्या गावातली ती सूप विकणारी असेल का? तिने मला दोनदा वाढलं होतं."

आत चुलीत लाकूड जोरात कोंबल्याचा आवाज झाला.

"का ती मेणबत्त्यावाली? पण तिने तर माझ्याकडे पाहिलंही नाही. मीच पाहिलं."

आत एक भांडं आपटलं. इलारियोला आता खरोखर भीती वाटायला लागली. सत्तावीस वर्षांचा संसार जात होता आणि कोणामुळे जातोय तेही कळत नव्हतं.

सकाळी तोमासाबाई शालीखाली काहीतरी धरून धापा टाकत आल्या.

"दार उघड, फेलिसितास. चूक झाली. हा बघ तुझ्या नवऱ्याचा नर. पहाटेपासून माझ्या नराशी मारामारी करत होता, म्हणून उचलून पाहिला. कापली ती माझी गाभण मादी होती. मी पाहायला हवं होतं, नाही पाहिलं."

कडी निघाली. फेलिसितासने नराला उलटा करून स्वतः खात्री करून घेतली. तोवर बाईंची नजर बाकाजवळच्या ढोलाकडे गेली होती. त्यांनी तो इलारियोच्या गळ्यात अडकवला. ढोलाची लोखंडी कड नेमकी उजव्या बरगडीखाली टेकली आणि तो कळवळला.

"पट्टा दुसऱ्या खांद्यावर घे," बाई म्हणाल्या. "याला कापायची गरज नाही."

इलारियोच्या डोळ्यांत पाणी आलं. पोटदुखीचं कारण सापडलं, संसार वाचला. त्याने घोंगडं उचललं आणि उंबऱ्यावर पाय ठेवला.

"थांब," फेलिसितास दार अडवून म्हणाली. "जनावर चुकलं, कबूल. बाई चुकल्या, कबूल. तुझं काहीच नव्हतं, तर तू दोन तास बसून आठवत काय होतास?"

प्रश्न रास्त होता. इलारियो घोंगडं पोटाशी धरून नेहमीच्या विश्वासाने तोमासाबाईंकडे वळला.

"बाई, तुम्हीच सांगा, मी काय आठवत होतो?"

तोमासाबाईंनी फेलिसितासच्या हातातल्या कुईकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या, "बाबा रे, हे मला नाही सांगता येणार."