एक बटण, सगळं घर

समोरच्या घरात आप्पांनी रिमोटचं बटण दाबलं, की आमचा टीव्ही बंद पडतो. दोन्ही टीव्ही एकाच कंपनीचे, गल्ली अरुंद आणि खिडक्या समोरासमोर. मी तक्रार घेऊन गेलो, तर आप्पा शांतपणे म्हणाले, "तुन्हा टीव्हीले मन्ही भाषा समजस, त्यामा मन्हा काय गुन्हा?"

अक्कलकुव्याचं बियाण्यांचं दुकान मुलाकडे सोपवून आप्पा काकूंना घेऊन नंदुरबारला राहायला आले आणि या नादाला लागले. त्यांच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही, अँप्लिफायर, पाच स्पीकर, डिशचा डबा, जुना डीव्हीडी प्लेअर आणि गाणी, भजनं, लग्नाचे व्हिडिओ भरलेला एक छोटा कॉम्प्युटर. पूर्वी प्रत्येकाचा रिमोट वेगळा होता. आप्पांनी एकच नवा रिमोट मागवला आणि त्याला बाकीच्यांची कामं शिकवायला घेतली. जुन्या रिमोटचं तोंड नव्याच्या तोंडाला लावून ते तासन्‌तास बसत. कुणी बोललं की बोट वर करत, "शिकवणी चालू शे, गप बस." रिमोटला कान नसतात, हे त्यांना सांगायची आमची हिंमत झाली नाही.

पण जमवलं मात्र त्यांनी झकास. एक बटण दाबलं की टीव्ही, स्पीकर, कॉम्प्युटर, सगळं ओळीने जागं होई. कॉम्प्युटरवर त्यांनी असं सॉफ्टवेअर बसवलं होतं, की यादीतून पुढे सरकावं तसा खुद्द आप्पांचा आवाज येई: "भजन." "गाना." "लगीन." माणसाला स्वतःच्या आवाजाची हौस असते, असं आम्ही समजलो. रिमोटच्या बटणांवर हरभऱ्याची डाळ, चिंचोका आणि शर्टाची गुंडी चिकटवलेली होती. का, विचारलं तर म्हणाले, "दिवा मालवीसन पिच्चर देखस मी." आलेल्या प्रत्येकाला रिमोट दाखवून वर ऐकवत, "एक बटन, बठ्ठं घर."

दिवाळीत काकूंची बहीण शहाद्याहून आली. मीही फराळाला होतो. काकूंनी रिमोट हातात घेतला, डाळीवरून बोट फिरवलं आणि बरोबर नातीच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. आप्पांची छाती फुगली.

"देख, मन्ही नातनी हिरवी साडी कितली शोभस," काकू म्हणाल्या.

"हिरवी कोठे वं? पिवळी शे ना," बहीण म्हणाली.

काकूंचा हात रिमोटवर तसाच राहिला.

"सेटिंगमा रंग मीच बिघाडी टाकात," आप्पा घाईने म्हणाले. आपल्या यंत्रात खोट आहे, असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी रिमोट घेतला, दोनचार बटणं दाबली, "मंग करसू नीट," म्हणाले आणि ओट्यावर येऊन बसले. मी मागोमाग गेलो.

"आप्पा, रंग तर ठीक होते."

ते हळू आवाजात बोलले. काकूंची नजर दोन वर्षांपासून जात चालली होती. मुलाला घेऊन त्या गुपचूप सुरतेला जाऊन आल्या, आता सुधारणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. आप्पांना कळू देऊ नको, जिवाला लावून घेतील, अशी त्यांनी मुलाला शपथ घातली. मुलाने शपथ मोडली. पण आप्पांच्या ते आधीच लक्षात आलं होतं. काकूंनी टीव्ही लावणंच सोडलं होतं. कंटाळा येतो म्हणायच्या. एकदा कुणी नाही असं समजून त्या डिशच्या रिमोटवर नुसतीच बोटं फिरवत बसल्या होत्या, ते आप्पांनी पाहिलं.

"मग तुम्हाला माहीत आहे, हे सांगत का नाही त्यांना?"

"तिले सांगानं व्हई तवय सांगी. तोवर मीच येडा बरा."

आतून काकूंची हाक आली. "रंग सुधरनात का हो?"

"सुधरी ऱ्हायनात," आप्पा बसल्या जागेवरूनच म्हणाले.