पाहुणा दिसेनासा होईपर्यंत

कात्सुरा-या या डोंगरातल्या जुन्या सराईचा निरोपाविषयीचा नियम एका ओळीचा आहे. पाहुणा दिसेनासा होईपर्यंत मालकिणीसह सर्वांनी फाटकात उभं राहून हात हलवायचा. पूर्वी दीडशे पावलांवर वळण होतं, त्यामुळे नियम दीड मिनिटात पाळून होई. मागच्या वर्षी रस्ते खात्यानं पाहुण्यांच्या सोयीसाठी वळण काढून टाकलं. आता बसथांब्यापर्यंतचा सव्वा किलोमीटर रस्ता फाटकातून स्वच्छ दिसतो. नियम बदलायचं कुणीच सुचवलं नाही, कारण नियमात चूक काहीच नव्हती.

बहुतेक पाहुणे मोटारीनं जात, म्हणून निभावत होतं. कुरामोची साहेब मात्र बसनं आले होते. नगरपालिकेच्या नोंदणी विभागाच्या या उपप्रमुखांनी अकरा वर्षांनी दोन दिवसांची रजा काढली होती. गरम झऱ्यातून बाहेर आल्यावर, केसांचं पाणी निथळत असतानाच, त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. हे बूट सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या गेन्झोनं पाहिलं आणि मालकीणबाईंच्या कानावर घातलं. मालकीण तोमोएबाईंनी लगेच ताडलं. पाहुणा अभिप्राय लिहिणारा होता. सराईचे तारे जरा जरी घसरले, तरी प्रवास कंपनी आपल्या यादीतून नाव काढणार होती, आणि हिवाळ्याचं सगळं आरक्षण त्या यादीवरच होतं.

सकाळी दहाला निरोप सुरू झाला. सहा जणांनी हात हलवले. साहेब वीस पावलं गेले, वळले आणि कमरेतून वाकले. वाकलेल्या माणसाला उत्तर न देणं शक्य नव्हतं, म्हणून सहाही जण वाकले. वाकलेल्या सहा जणांकडे पाठ फिरवणं साहेबांना शक्य नव्हतं, म्हणून ते उलटे चालू लागले. पंधरा मिनिटांच्या वाटेला एक्केचाळीस मिनिटं लागली. बस दहा चाळीसची होती. पाठमोरे साहेब थांब्यापासून दहा पावलांवर असताना चालकानं वेळेवर बस सोडली आणि एका प्रवाशाला मागे ठेवावं लागत असल्याबद्दल रिकाम्या बसमध्ये ध्वनिक्षेपकावरून दिलगिरी व्यक्त केली.

पुढची बस सव्वाचारला होती. निरोप घेऊन झालेला असल्यामुळे साहेबांना सराईत परत येता येईना, आणि साहेब दिसत असल्यामुळे सराईला आत जाता येईना. बाराच्या सुमारास आचारी डाव्या हातावर आला. एक वाजता नवे पाहुणे मोटारीतून उतरले, तेही संकोचानं रांगेत उभे राहून हात हलवू लागले. शेवटी तोमोएबाईंनी हात हलवता हलवता दुसऱ्या हातानं साहेबांना फोन लावला.

"साहेब, ऊन लागतंय हो तुम्हाला. थांब्याच्या मागं सावली आहे बघा."

"माझं राहू द्या, बाई. तुम्ही आत जा, चहाबिहा घ्या."

"तुम्ही दिसताय तोवर कशी जाऊ?"

"आणि तुम्ही उभ्या असताना मी लपू कसा?"

गेन्झोची कंबर धरली होती. तो म्हणाला, "दोघं एकदमच करा की. तीन म्हणालो की त्यांनी लपायचं, आपण आत पळायचं."

गेन्झोनं तीन म्हटलं. साहेब थांब्यामागे गेले. तरीही तोमोएबाईंनी सगळ्यांना आणखी तीन मिनिटं उभं केलं आणि मगच आत सोडलं. दारातच बसून त्यांनी पाय चोळले. असा निरोप आपल्या सासूबाईंनीही कधी दिला नव्हता, या समाधानानं त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी अभिप्राय आला. "झरा उत्तम. मासे ताजे. निरोप मात्र उरकल्यासारखा वाटला. थोड्या वेळानं मी थांब्यामागून डोकावून पाहिलं, तर फाटकात कुणीही नव्हतं." तारे तीन.

प्रवास कंपनीनं यादीतून नाव काढलं. अभिप्रायाखाली 'हे मत आपल्याला उपयोगी पडलं का?' असा प्रश्न असतो. आजवर चारशे बारा जणांनी 'होय' म्हटलंय. त्यातले बहुतेक तुमच्यासारखेच आहेत. तिथं कधी उतरलेले नाहीत, पण निरोपाची हकिगत शेवटपर्यंत वाचली, चुकचुकले, आणि आता दुसरी सराई शोधताहेत.