गुरुवारचा पाऊस

एका जंगलात – जंगलच होते की नुसता झुडपांचा माळ, हे आता खात्रीने आठवत नाही; पण बाळांनो, जंगल म्हटले की गोष्टीला बरे पडते – तर त्या जंगलात, टेकडीच्या माथ्यावर, शंभर वर्षांची जुनी पर्जन्यशाळा होती. तिथे झाडाखाली तांब्याचे एक भांडे ठेवलेले असे. त्यात साचलेले पाणी मोजायचे आणि वहीत लिहायचे, एवढेच तिथले विज्ञान. हे काम कमठराव नावाच्या कासवाकडे होते.

पायथ्याशी खवलेशास्त्री राहत. जातीचे खवले मांजर. फार शिकलेले आणि फार भित्रे. त्या वहीच्या नकला वाचून त्यांनी चाळीस वर्षांत एक सिद्धान्त मांडला होता: या जंगलात पाऊस फक्त गुरुवारी पडतो, आणि भर वैशाखातही चुकत नाही.

इतर वारी ते स्वतः चिंब भिजत. तेव्हा त्यांना शंका येई ती स्वतःची. वहीची कधीच नाही.

शंभरीनिमित्त पर्जन्यशाळा सर्वांना पाहायला खुली झाली. खवलेशास्त्रींच्या नावाची पाटीही लागणार होती. म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदाच टेकडी चढले.

भांड्यापाशी ही रांग! शास्त्रींची पाळी आली. वैशाखाचे ऊन मी म्हणत होते. ढगाचा पत्ता नव्हता. तरी भांड्यात टपटप चालूच.

शास्त्रींनी वर पाहिले. फांदीवर एक वानर बसले होते.

"अरे, अरे! खाली उतरून कर की!"

"वा, शास्त्रीबुवा! उतरलो की जागा गेली. आमचे आजोबासुद्धा इथूनच करायचे."

शास्त्रींनी जागच्या जागी अंगाचे वेटोळे केले. चाळीस वर्षे! मग कसेबसे उलगडून ते संचालिका टिटवीबाईंकडे गेले.

"बाई, तो पाऊस नाही."

"मग काय आहे?"

शास्त्रींनी कानात सांगितले.

टिटवीबाई दोन उड्या मारून थांबल्या. "शंभर वर्षं? एकही खाडा न करता? अहो, पावसाला तरी आहे का एवढं सातत्य?"

अर्ध्या तासात फांदीवर पाटी लागली: 'ऐतिहासिक उपकरण. हात लावू नये.' पाटी तीच होती. शास्त्रींचे नाव फक्त मागच्या बाजूला गेले.

शास्त्री घरी आले ते एकच गोष्ट उराशी धरून. पाऊस गेला तर गेला. गुरुवार तरी आपला खरा आहे! त्या गुरुवारावर त्यांनी आणखी नऊ वर्षे काढली. मग एके दिवशी राहवेना. टेकडीच्या वाटेवर, अर्ध्या चढणीला, त्यांनी कमठरावांना गाठले.

"कमठराव, सहा वारी वहीत नुसतं टिंब असतं. टिंब म्हणजे पाऊस शून्य, बरोबर ना?"

"शून्य?" कमठरावांनी मान बाहेर काढली. "छे हो! टिंब म्हणजे 'अजून वाटेत आहे'. शुक्रवारी घरून निघतो, तो गुरुवारी भांड्यापाशी पोचतो. परत येताना उतार असतो, म्हणून जमतं."

तात्पर्य : बाळांनो, चिंब भिजलात तर आधी वही पाहावी. तीत टिंब असेल, तर तुम्ही कोरडे आहात.