बंद दरवाजा आणि नदीच्या पाण्याचा निरोप

श्रीशारदा प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण शुद्ध दशमी, ते समयीं नदीकाठच्या एका राज्यांत वर्तमान जाहलें तें ऐसें.

राज्याच्या वरल्या पेठेंत सौदामिनीबाई टिपणीस राहात होत्या. शाळेंत विज्ञान शिकवोन निवृत्त जाहल्या. खालीं दोन कोसांवर कुंभारांची वस्ती. तेथें गतसालीं धरणाचें पाणी एकाएकीं सुटलें, वाळत घातलेलीं मडकीं वाहोन गेलीं, आणि रखमाजी कुंभार यांची सून ओढली जातां जातां वांचली. तें बाईंच्या जिवास लागलें. मग त्यांनीं घरामागल्या पुलाखालीं पाण्याची उंची मोजणारें यंत्र बसविलें आणि घरच्या इंटरनेटास जोडिलें, कीं रखमाजींस मोबाइलावर आंकडा पाहतां यावा.

परंतु आंकडा बाईंस घरीं दिसे, रखमाजींस कांहींच दिसेना. अशा यंत्रास पोर्ट असतो, म्हणजे क्रमांकी दरवाजा. बाहेरचें मागणें तेथोन आंत यावयाचें. तो बाईंनीं राउटरांत स्वहस्तें उघडिला होता. मग बाहेरून दरवाजे तपासणारें एक संकेतस्थळ होतें, तेथें क्रमांक घालोन पाहिला, तों उत्तर आलें, "बंद." मग यंत्राचा पहारा, म्हणजे परक्यांस अडविणारी फायरवॉल, क्षणभर उठविला, आणि पुन्हा पाहिलें, तरी "बंद." बाई त्रासल्या नाहींत, उलट भूक विसरल्या. मग राउटरांत दिसणारा घरचा इंटरनेटाचा पत्ता आणि संकेतस्थळास दिसणारा पत्ता कागदावर शेजारीं शेजारीं लिहिला, तों दोन्ही निराळे!

"अगबाई, माझें घर बाहेर भलत्याच पत्त्यानें ओळखतात कीं काय?" ऐसें बोलोन त्यांनीं इंटरनेट पुरविणारे मुजावर यांस फोन केला.

मुजावर हांसोन बोलिले, "बाई, तुमच्या पेठेंतील साठ घरांस मिळोन बाहेरचा पत्ता एकच आहे. बाहेरून कोणी आलें तर साठांपैकीं कोणाकडे धाडावें, आमच्या यंत्रास काय ठाऊक? तुमचा दरवाजा उघडाच आहे हो, पण त्याच्या पुढें आमचा आहे, तो बंद."

"मग माझ्या घरीं उत्तरें येतात तीं कैसीं?"

"तुम्हीं आधीं आंतून मागतां. कोणीं मागितलें तें यंत्र ध्यानांत ठेवितें, आणि उत्तर त्याच घरीं पोंचवितें."

 बाई म्हणाल्या, "म्हणजे आंतून बाहेर जावयास मना नाहीं!"

"मुळींच नाहीं."

मग बाईंनीं उलटी योजना केली. रखमाजींनीं येवोन विचारावें हें सोडिलें, आणि यंत्रानेंच दर पांच मिनिटांनीं बाहेर जावोन इंटरनेटावरील एका सामाईक जागीं आंकडा ठेवावा, रखमाजींच्या मोबाइलानें तेथोन उचलावा, आणि पाणी ठरविलेल्या खुणेवर चढतांच मोबाइलानें कर्णा वाजवावा, ऐसें केलें.

भाद्रपद वद्य द्वितीयेस भर दुपारीं कर्णा वाजला. आभाळ कोरडें होतें, म्हणोन शेजारी हांसले. परंतु रखमाजींनीं सुनेस आणि पोरांस वर काढिलें, मग सर्वांनीं मिळोन मडकीं उचलिलीं, आणि शेवटची पाटी काठावर चढते न चढते तोंच धरणाचें पाणी आलें. मडकीं घडवावयाचें एक चाक मात्र वाहोन गेलें.

दुसरे दिवशीं रखमाजी एक नवा माठ घेवोन बाईंकडे आले आणि बोलिले, "बाई, पाणी चढलें हें कळलें, जीव वांचले. पण तुमच्या पुलापासोन आमच्यापावेतों येण्यास त्यास किती वेळ लागतो?"

 हें बाईंनीं मोजलेंच नव्हतें. लगोलग रखमाजींस बसावयास पाट दिला, आणि वही उघडिली.

येणेंप्रमाणें त्या राज्यांत दरवाजा बंदच राहिला, निरोप पोंचला, आणि माणसें वांचलीं. इतकें वर्तमान जाहलें, तें येथें लिहिलें असे.